कानातली शिट्टी आणि अर्धाच सल्ला

‘जालना, सोन्याचा पालना’ अशी या शहराची जुनी ख्याती. आज त्या पाळण्यात सोन्याच्या जोडीला लोखंडही आहे. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत भंगार वितळते, त्याचे बिलेट होतात आणि रोलिंग मिलमधून लालबुंद सळई सुसाट बाहेर पडते. या सळईवर राज्यातल्या कितीतरी इमारती उभ्या आहेत. मात्र ती तयार होताना जो आवाज होतो, तो कारखान्यातच राहत नाही. पाळी संपवून घरी निघालेल्या कामगाराच्या कानात बसून तो त्याच्याबरोबर घरी येतो.

सुरुवातीला कान तासभर वाजतात आणि सकाळपर्यंत शांत होतात. त्यामुळे कोणी मनावर घेत नाही. काही वर्षांनी मात्र सकाळ झाली तरी शिट्टी थांबत नाही. कोणाला रातकिडे किरकिरल्यासारखे वाटते, कोणाला कुकरची शिट्टी लांबून ऐकू आल्यासारखी वाटते, कोणाला विजेच्या खांबाखाली उभे राहिल्यासारखी गुणगुण जाणवते. दिवसभराच्या गडबडीत हे निभावते. रात्री दिवा मालवला, घर निजले, की तोच आवाज डोक्यात घुमू लागतो. झोप उडते, चिडचिड वाढते, दुसऱ्या दिवशी कामावर लक्ष लागत नाही. शेवटी माणूस दवाखान्यात जातो. तिथे त्याला बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकायला मिळते: ‘कानाची नस कमजोर झाली आहे, याला इलाज नाही, सवय करून घ्या.’

हे वाक्य खोटे नाही, पण ते अर्धे आहे. कानातला आवाज कायमचा बंद करणारे औषध आज उपलब्ध नाही, हे खरे. सवय होणे हाच मार्ग आहे, हेही खरे. पण ती सवय आपोआप होत नाही. ती करून घेण्याची रीत असते आणि त्या रीतीलाच उपचार म्हणतात. ‘सवय करून घ्या’ म्हणून रुग्णाला परत पाठवणे म्हणजे मधुमेहाच्या रुग्णाला ‘साखर कमी करा’ एवढेच सांगून दार लावून घेण्यासारखे आहे.

वैद्यकात या तक्रारीला टिनिटस किंवा कर्णनाद म्हणतात. ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना कधी ना कधी कानातल्या आवाजाचा अनुभव येतो आणि सुमारे २ टक्के लोकांना त्याचा तीव्र त्रास होतो. म्हणजे कर्णनाद असणाऱ्या बहुतेकांचे आयुष्य त्यामुळे अडत नाही. मूठभरांचे अडते, आणि या लेखाचा विषय तेच आहेत.

आवाज येतो कुठून? आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. बाहेरच्या आवाजाच्या लहरींचे विद्युतसंदेशात रूपांतर करून त्या मेंदूकडे पाठवतात. मोठ्या आवाजाचा मारा वर्षानुवर्षे झाला की या पेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. सर्वात आधी बारीक, उंच पट्टीच्या आवाजांच्या पेशी जातात. त्या पट्टीतले संदेश येईनासे झाले की मेंदू स्वस्थ बसत नाही. रेडिओवर लांबचे केंद्र लागेना म्हणून आपण आवाज वाढवतो तेव्हा गाणे नाही, खरखर मोठी होते, तसेच इथे होते. मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि स्वतःच्याच पेशींची खरखर त्याला ऐकू येऊ लागते. म्हणून शिट्टी कानात वाजते असे वाटले तरी ती बहुतेक वेळा ऐकू येण्याच्या संपूर्ण यंत्रणेत, मेंदूसकट, तयार झालेली असते. कानात तेल घालून ती थांबत नाही, याचे कारण हेच.

शांततेचा आणि या आवाजाचा संबंध फार जवळचा आहे. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी कानाची कोणतीही तक्रार नसलेल्या ८० लोकांना ध्वनिरोधक खोलीत काही मिनिटे बसवले. त्यांतल्या ९४ टक्के लोकांनी आपल्याला काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले. निरोगी माणसालाही पूर्ण शांततेत आवाज ऐकू येतात, तर ज्याच्या केसपेशी गेल्या आहेत त्याचे काय होत असेल? भोकरदन किंवा मंठ्याकडच्या शेतवस्तीवर मध्यरात्री वीज गेल्यावर जी नीरव शांतता पसरते, ती कर्णनादाच्या रुग्णाला सर्वात जड जाते. पंखा थांबला की त्याच क्षणी शिट्टी वर येते. पुष्कळ रुग्ण सांगतात की थंडीच्या दिवसांत त्रास वाढतो. त्यामागे थंडीपेक्षा बंद झालेला पंखा आणि कूलर हेही एक कारण असू शकते.

या निरीक्षणातच उपचाराचे बीज आहे. दिवसा आकाशात चांदण्या असतातच, पण उजेडामुळे त्या दिसत नाहीत. तसा भोवती सौम्य आवाज असला की कानातला आवाज फिका पडतो. ही कल्पना नवी नाही. फ्रेंच वैद्य इटार यांनी १८२१ मध्ये कानाच्या रोगांवर लिहिलेल्या ग्रंथात, रुग्णाच्या कानात ज्या प्रकारचा आवाज असेल त्याला साजेसा बाहेरचा आवाज शोधा, असा सल्ला दिला होता. ओल्या लाकडांची तडतडणारी शेकोटी, तांब्याच्या भांड्यात पडणारी पाण्याची धार, ही त्यांची साधने होती. १९७० च्या दशकात अमेरिकेत ओरेगॉनमधले संशोधक जॅक व्हर्नन यांच्यासोबत चार्ल्स युनिस नावाचे डॉक्टर फिरायला गेले. युनिस यांना स्वतःला कर्णनाद होता. एका कारंज्याजवळ ते थबकले आणि तिथून हलेनात, कारण पाण्याच्या आवाजात त्यांची शिट्टी ऐकू येईनाशी झाली होती. त्यातून व्हर्नन यांनी कानात घालायचे, सतत सौम्य सरसर आवाज देणारे छोटे यंत्र पुढे आणले. एका आवाजाने दुसरा झाकायचा, म्हणून या पद्धतीला मास्किंग म्हणतात.

पुढे पोलिश वंशाचे शास्त्रज्ञ जास्ट्रेबॉफ यांनी १९९० मध्ये या विचाराला वेगळे वळण दिले. शिट्टी पूर्ण झाकली, तर मेंदूला तिची सवय होणार कशी, असा त्यांचा प्रश्न होता. जी गोष्ट कानावर पडतच नाही, तिच्याकडे दुर्लक्ष करायला मेंदू शिकत नाही. रेल्वेरुळाजवळ राहणाऱ्याला पहिला महिना प्रत्येक गाडी जागे करते. पुढे गाडी जाते आणि त्याला कळतही नाही. गाडीचा आवाज कमी झालेला नसतो, तो धोक्याचा नाही हे मेंदूने ओळखलेले असते. कर्णनादातही हेच साधायचे आहे. म्हणून बाहेरचा आवाज शिट्टीपेक्षा किंचित कमी ठेवायचा. दोन्ही ऐकू यावेत, पण शिट्टीचा धारदारपणा बोथट व्हावा, एवढाच तो असावा.

यासाठी महागडे यंत्र लागत नाही, हे प्रत्येक रुग्णाने लक्षात ठेवावे. छताचा पंखा, कूलर, माशांच्या टाकीतला पंप, पावसाचा किंवा ओढ्याचा आवाज देणारे मोबाइलमधले फुकट ॲप, यांपैकी काहीही चालते. आवाज संथ आणि एकसारखा हवा. चढउतार नसलेला, शब्द नसलेला आवाज झोपेसाठी चांगला, कारण शब्द आले की मन त्यांच्या मागे जाते. मोबाइल उशीजवळ, कानापासून हातभर अंतरावर ठेवावा. इअरफोन घालून झोपू नये. निजण्यापूर्वी अर्धा तास आवाज सुरू करावा आणि तो रात्रभर चालू राहिला तरी हरकत नाही. वीज जाण्याची सवय असलेल्या गावात मोबाइल चार्ज करून ठेवणे किंवा बॅटरीवरचा छोटा स्पीकर जवळ ठेवणे शहाणपणाचे.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या कर्णनादासाठी जो कार्यक्रम आखला गेला, त्यात आवाजांचे तीन उपयोग सांगितले आहेत. मन शांत करणारा आवाज, पार्श्वभूमीला राहणारा आवाज आणि लक्ष वेधून घेणारा आवाज. आपल्याकडे हे समजावणे अवघड नाही. पावसाची रिपरिप पहिल्यात बसते, फिरणारा पंखा दुसऱ्यात आणि रेडिओवरचे कीर्तन, बातम्या किंवा क्रिकेटचे समालोचन तिसऱ्यात. त्रास होईल तेव्हा काय हवे, जीव शांत करणे, शिट्टी फिकी करणे की मन दुसरीकडे वळवणे, हे ठरवून आवाज निवडायचा. दिवसा घर अगदी नीरव ठेवू नये. आवाजाच्या धास्तीने घरातही कानात बोळे घालून बसणारे रुग्ण असतात. त्यांची शिट्टी अधिकच मोठी भासते.

दोन चुका टाळायला हव्यात. शिट्टी बुडवायची म्हणून आवाज मोठा करत नेणे ही पहिली. ज्या मोठ्या आवाजाने कान बिघडला, तोच औषध म्हणून घेण्यासारखे ते होते. दुसरी म्हणजे ‘आता येतो का, किती येतो’ हे दर तासाला तपासणे. त्यामुळे मेंदूला त्या आवाजाचे महत्त्व वाढल्यासारखे वाटते. सवय व्हायला महिने लागतात. आठ दिवसांत फरक पडला नाही म्हणून सोडून देणे योग्य नाही.

आता या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये ध्वनी-उपचारांचा आढावा घेतला. आठ अभ्यास आणि ५९० रुग्ण पाहून तिने निष्कर्ष काढला, की ध्वनियंत्र किंवा श्रवणयंत्र हे नुसत्या समुपदेशनापेक्षा सरस ठरते असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही. याचा अर्थ आवाजाचा उपयोग होत नाही असा नाही. अर्थ एवढाच, की यंत्राची किंमत वाढली म्हणून गुण वाढत नाही. ‘टिनिटस बरा करणारे’ म्हणून हजारो रुपयांचे यंत्र कोणी पुढे केले तर रुग्णाने हा निष्कर्ष आठवावा. पंख्याने काम भागत असेल तर कर्ज काढू नये.

औषधांच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत जिंको, मेलाटोनिन, जस्त यांसारखी पूरके कर्णनादासाठी देऊ नयेत, असे सांगितले आहे. तरीही ‘नस मोकळी करणाऱ्या’ गोळ्यांची पाकिटे महिनोन् महिने विकली जातात. रोजंदारीवरच्या कामगाराचा त्यावर होणारा खर्च हा त्याच्या मुलांच्या वह्यांमधून जातो.

भर द्यावा तो दोन गोष्टींवर. पहिली, मनाचा व्यायाम. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्याची शास्त्रीय पद्धत. कॉक्रेनच्या २०२० च्या आढाव्यात २८ अभ्यास आणि २,७३३ रुग्ण होते. या पद्धतीने कर्णनादाचा आयुष्यावर होणारा वाईट परिणाम कमी होऊ शकतो, असे त्यात दिसले. शिट्टी तेवढीच राहते, तिची भीती जाते. दुसरी गोष्ट म्हणजे श्रवणयंत्र. ऐकू कमी येत असेल तर योग्य श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज पुन्हा मेंदूपर्यंत पोचतात आणि शिट्टीला आपोआप सोबत मिळते. म्हणून कर्णनादाच्या प्रत्येक जुन्या रुग्णाची श्रवणचाचणी झालीच पाहिजे. ‘ऐकू तर येते ना’ एवढ्यावर समाधान मानू नये. आवाजाने झालेली हानी साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. गप्पा व्यवस्थित ऐकू येतात, पण गर्दीत बोललेले शब्द निसटतात. ते चाचणीतच कळते.

काही लक्षणे दिसली तर पंखा लावून झोपणे हा उपाय नव्हे. लगेच दवाखाना गाठावा. अचानक एका कानाने ऐकू येणे बंद होणे ही तातडीची अवस्था आहे. तिथे पहिल्या काही दिवसांतच उपचार सुरू झाले तर फायदा होण्याची शक्यता असते. एकाच कानात आवाज येणे, नाडीच्या ठोक्याबरोबर धपधप ऐकू येणे, सोबत चक्कर येणे, चेहरा वाकडा होणे, कानातून पू वाहणे, डोक्याला मार लागल्यानंतर आवाज सुरू होणे, या सर्वांची तपासणी आवश्यक आहे. कधी कानात साठलेला मळ एवढेच कारण निघते आणि रुग्ण दहा मिनिटांत मोकळा होतो. काही औषधे, उदाहरणार्थ जेंटामायसिन आणि अमिकासिनची इंजेक्शने किंवा जास्त मात्रेतले ॲस्पिरिन, कानाला त्रास देऊ शकतात. मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही औषध बंद करू नये. आणि झोपेअभावी जगणे नकोसे वाटू लागले, तर ते लपवू नये. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन दिवसरात्र सुरू असते.

इथपर्यंतचे सारे उपाय कान बिघडल्यानंतरचे. जालन्यासारख्या जिल्ह्यात खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. रोलिंग मिलच्या आत आवाज ९० डेसिबलच्या पुढे जाणे नवलाचे नाही. डेसिबलचे माप फसवे असते. ते ३ ने वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. कारखान्यांच्या नियमांनी आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही मर्यादा घातली. १०० डेसिबलला ती दोन तासांवर येते. मोठ्या आवाजाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाने कायद्यात सूचनीय रोगांच्या यादीत होता आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ठेवला आहे. सूचनीय म्हणजे असा रुग्ण आढळल्यास डॉक्टरने कारखाने निरीक्षक यंत्रणेला कळवणे बंधनकारक. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातही तो व्यावसायिक आजार म्हणून मोजला जातो. कायद्यात हक्क आहे, भरपाई आहे. पण श्रवणचाचणी झालीच नाही, तर आजार कागदावर येत नाही. आणि कागदावर न आलेल्या आजाराची भरपाई कोणी देत नाही. यात सर्वाधिक भरडला जातो तो ठेकेदारामार्फत आलेला, परराज्यातला कामगार. कानात शिट्टी घेऊन तो गावी परततो आणि जालन्याच्या कोणत्याही नोंदीत राहत नाही.

गमछा गुंडाळून किंवा कापसाचा बोळा घालून संरक्षण झाल्याचे समाधान मिळते, प्रत्यक्षात आवाज जेमतेम थोडा कमी होतो. फोमचा इअरप्लग नीट पिळून आत बसवला, किंवा त्यावर इअरमफ घातला, तरच फरक पडतो. तो घालायला शिकवावे लागते. उन्हाळ्यात भट्टीजवळ तो नकोसा होतो, म्हणून पाळीत विश्रांतीची शांत जागा हवी. हे सारे मालकाच्या खर्चाच्या तुलनेत फार थोडे आहे. हेच ट्रॅक्टर आणि मळणी यंत्रावर दिवसदिवस बसणाऱ्या शेतकऱ्याला, जिनिंगमधल्या मजुराला आणि वरातीत डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या पोरांनाही लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबलचा फक्त ४ तास.

मग जिल्ह्याने काय करावे? फार मोठी यंत्रणा उभारायची गरज नाही. बहिरेपणा प्रतिबंधाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात श्रवणतज्ज्ञाची तरतूद आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचार पथकाची तरतूद आहे. जालन्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे. दोन्ही कार्यक्रमांची रिकामी पदे भरावीत आणि आठवड्यातला एक दिवस ठरवून कर्णनादाच्या रुग्णाला एकाच छताखाली तीन गोष्टी मिळू द्याव्यात: श्रवणचाचणी, पंधरा मिनिटांचे समुपदेशन आणि आवाज कसा वापरायचा हे मराठीत व हिंदीत सांगणारा एक कागद. गरज असेल त्याला श्रवणयंत्राच्या शासकीय योजनेचा अर्ज तिथेच भरून द्यावा. आणि औद्योगिक वसाहतीतल्या प्रत्येक मिलने कामगाराची श्रवणचाचणी भरती करताना आणि नंतर दरवर्षी करावी. पहिल्या चाचणीशिवाय पुढची हानी सिद्ध होत नाही, हे मालक आणि कामगार संघटना दोघांनीही ध्यानात घ्यावे.

डोळ्यांच्या उपचारांसाठी आज दूरदूरचे लोक जालन्याला येतात. शहराने मनावर घेतले की काय होऊ शकते, याचे ते उदाहरण आहे. कानांनाही तेवढेच मनावर घेणारे कोणी हवे. तोपर्यंत निदान एवढे तरी व्हावे: ‘सवय करून घ्या’ असे सांगणाऱ्या प्रत्येकाने, ती कशी करून घ्यायची, हे सांगायला आणखी पाच मिनिटे द्यावीत.